साहेबाच्या पायाखालचं जेवण

माझा भाऊ दीपक पस्तिशीला आलाय. त्याला वाचता येत नाही, आकडे कळत नाहीत, आणि काल नि उद्या यांत काही फरक असतो हे त्याला कधी पटलेलं नाही. डॉक्टरी कागदावर याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. आमच्या धाड गावात काय म्हणतात ते मी लिहिणार नाही. ते म्हणणाऱ्यांना मी बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात सुनावलेलं आहे, आणि तरी त्यांनी ते बंद केलेलं नाही.

अशा या दीपकला एक वेबसाइट वापरता यायची. भूक लागली, कपडे धुवायचे आहेत, बरं वाटत नाही, एवढं तो मोबाइलवर बोट ठेवून सांगू शकत होता, आणि तेही कोणाच्या मदतीशिवाय. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या घरात मात्र सगळं यावरच टांगलेलं होतं.

मागच्या वर्षी मायच्या पोटात गाठ निघाली. माय म्हणजे आमची आई, गोजरबाई. तिला संभाजीनगरला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. मायने त्यांना एकच विचारलं, की पुढची दिवाळी दिसेल का. डॉक्टर म्हणाले, बघू. मायने जन्मभर साहेब लोकांचं 'बघू' ऐकलेलं आहे, त्यामुळे तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. परत येताना एसटीत ती स्वतःच्या दुखण्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दीपकचं काय, एवढंच तिने विचारलं, आणि धाड येईपर्यंत तेच विचारत राहिली.

त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. धाकटा भाऊ गणेश घरची शेती करतो. त्याची बायको पूनम. पूनम वाईट नाही, आणि हीच पंचाईत आहे. वाईट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. तिने सरळ सांगितलं, की मी दीपकभाऊंना जेवू घालीन, पण मोठ्या माणसाची आंघोळ, त्याचं पांघरूण, त्याचं सगळं, लहान लेकरं नि गुरं सांभाळून माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझं घर बुलढाण्यात. कोर्टासमोर माझं टायपिंग नि झेरॉक्सचं दुकान आहे. दीपकला घेऊन येते म्हटल्यावर सासू म्हणाली, घरात वयात आलेली पोर आहे, असला माणूस नको. त्या 'असल्या'वरून मी नवऱ्याशी भांडले, सासूशी बोलणं टाकलं, पोरीला घेऊन माहेरी येऊन बसले. काही उपयोग झाला नाही. दुकान उघडायला मला परत जावं लागलं आणि सासूचा शब्द होता तिथेच राहिला.

मग सोबती निवासचं कळलं. बुलढाण्यात गावाबाहेर ही संस्था आहे, दीपकसारखी मोठी झालेली माणसं तिथे राहतात. स्वच्छ जागा, मागे भाजीपाला, दुपारी पत्रावळ्या लावायचं काम. मायने ती बघितली आणि तिथल्या ओट्यावर बसून रडली. मला वाटतं, सुखानेच. पण संस्थेची अट होती. सांभाळणारी बाई एक आणि माणसं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाच्या हातात एक मोबाइल दिलेला. ज्याला जे हवं ते त्याने संस्थेच्या वेबसाइटवर कळवायचं, की ते स्वयंपाकघरात आणि ऑफिसात दिसतं. सरावाला वेबसाइट घरच्या मोबाइलवर उघडता यायची, आणि निवडीच्या दिवशी ज्याला स्वतःचं स्वतः कळवता येतं त्यालाच तिथे घेत. बाकीच्यांसाठी लांबच्या जिल्ह्यांत मोठी वसतिगृहं आहेत म्हणे. तिथे दाराला बाहेरून कडी असते, असं मायने कोणाकडून तरी ऐकलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही, पण तिच्यासाठी विषय तिथेच संपला.

ती वेबसाइट म्हणजे नुसता उकिरडा होता. मी दिवसभर कोर्टाचे कागद टाइप करते, मला किचकट कागदाची सवय आहे. तरी ती उघडली की माझं डोकं उठायचं. वरून लाल अक्षरांची एक ओळ पळत असायची, हार्दिक स्वागत वगैरे. बाजूला पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो, खाली मुंगीएवढी अक्षरं. अगदी तळाला देणगीदार साहेबांचा उभा फोटो, गळ्यात हार, पायात चकचकीत बूट, आणि त्या बुटांखाली तीन लाल पट्ट्या. पहिलीवर बोट ठेवलं की जेवण, दुसरी कपडे, तिसरी तब्येत. कोणा कॉम्प्युटर क्लासवाल्याने ती केली होती आणि कामाच्या गोष्टींसाठी त्याच्याकडे बहुतेक तेवढीच जागा उरली होती.

मायलाही वाचता येत नाही, आणि तेच कामाला आलं. तिने ती वेबसाइट शेताच्या पायवाटेसारखी ओळखून घेतली. लाल ओळ म्हणजे गाडी. गाडी पुरी जाऊ द्यायची, तोवर बोट लावायचं नाही. पान पूर्ण उघडायला तेवढाच वेळ लागतो, हे तिने बरोबर हेरलं होतं. मग बोटाने वर सारत राहायचं, साहेब दिसेपर्यंत. साहेब दिसले की त्यांच्या पाया पडायचं, म्हणजे बुटाला बोट लावून कपाळाला लावायचं. मग त्याखालची पहिली पट्टी. "साहेबाच्या पायाखाली जेवन, जेवनाखाली कपडे, कपड्याखाली दुखनं," हे माय म्हणायची आणि तो तिच्यामागून म्हणायचा. तुरी निघत होत्या तेव्हा तिने सुरुवात केली. पेरणीच्या सुमाराला ते त्याच्या बोटात उतरलं.

ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा एकट्याने जेवण कळवलं त्या दिवशी मी तिथे होते. माय मुद्दाम आत जाऊन बसली होती. दीपकने गाडी जाऊ दिली, साहेबांच्या पाया पडला, पट्टीवर बोट ठेवलं, आणि मोबाइल टिंग वाजल्यावर घरभर ओरडत फिरला, "माय, जेवन सांगतलं! म्या सांगतलं!" मायने लगेच ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. सांगितलं की मिळतं, हे त्याला कळायला हवं, म्हणाली. त्या दिवशी तीसुद्धा दोन घास जास्त जेवली. आता मी सुखाने जाईन, असं ती म्हणाली नाही, पण तिचा चेहरा तसा होता.

त्यानंतर गार्गी आली.

गार्गी ही आमच्या बुलढाण्यातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या भालचंद्र सरांची मुलगी. पुण्याला असते. ज्यांना समजायला वेळ लागतो, लक्षात राहत नाही, वाचता येत नाही, अशा लोकांना वापरता येतील अशा वेबसाइट करणं हाच तिचा व्यवसाय. आपल्या गावच्या संस्थेची दशा बघून तिने नवीन वेबसाइट स्वतःहून, फुकट करून द्यायची ठरवली. पोरगी मनाने चांगली आहे, हे मी राग आल्यावरही नाकारलं नाही. तिने ऑफिसात बसून काम केलं नाही. जिथे जिथे माणसं ती जुनी वेबसाइट वापरत होती तिथे ती गेली, आणि तशीच एका दुपारी धाडला आमच्या घरी आली. मी दुकानात होते. ही हकीकत मला मायनेच नंतर सांगितली, आणि सांगताना ती खुशीत होती.

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाहेरून कागद-पेन घेऊन कोणी आलं, की त्याला बरं चाललंय असं कोणी सांगत नाही. पिकाच्या पंचनाम्याला तलाठी आला की त्याला आधी पाण्याने बसलेल्या कोपऱ्यात नेतात, उभं पीक दाखवत नाहीत. दीपकला अपंगत्वाच्या टक्क्यांच्या दाखल्यासाठी नेलं होतं तेव्हा मायने त्याला सकाळपासून बजावून ठेवलं होतं, की डॉक्टरने नाव विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. नाव सांगणाऱ्याचे टक्के कमी होतात. यात लबाडी आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नाही. येतं म्हणणाऱ्याला कोणी काही देत नाही, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं आहे.

तर पुण्याच्या मॅडम वही घेऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, की दीपकला ही वेबसाइट वापरताना अडचण येते का. मायने डोळ्याला पदर लावला. "काईच येत नाई वो मॅडम त्याले. लय तरास होते. बारीक बारीक अक्षरं, डोयाले दिसत नाई, सारा गोंधय. काई सोपं करून द्या गरिबाले." दीपकला तिने डोळ्याने खुणावलं होतं, हात लावू नको म्हणून. पण मोबाइल समोर आल्यावर त्याला राहवलं नाही. तो गाडीकडे बघत बसला, मग वर सारत साहेबांपर्यंत गेला आणि त्यांच्या पाया पडला. पुढचं बोट उचलणार तेवढ्यात मायने त्याचा हात धरला. गार्गीने वहीत लिहून घेतलं, की पळत्या ओळीत लक्ष अडकतं, खाली खूप सारत बसावं लागतं, फोटोलाच बटण समजतो. ज्या तीन गोष्टींना धरून तो चालत होता, नेमक्या त्याच तीन.

जाताना गार्गीने मायचा हात हातात घेतला आणि म्हणाली, काकू, मी अशी करते की त्याला एकट्याला जमेल. मायला वाटलं, दोन्हीकडून काम झालं. त्याला येतं ते येतंच, वरून मॅडमला दया आली. निवडीच्या वेळी शब्द टाकतील.

पोळा झाल्यावर निवडीचा दिवस आला. दीपकला इस्त्रीचा शर्ट घातला. गणेशने जीप केली, कारण एसटीच्या धक्क्यांनी मायला त्रास झाला असता. संस्थेत गेलो तर दारात रांगोळी, फुगे. नव्या वेबसाइटचं उद्घाटन नुकतंच झालं होतं आणि पेढे वाटत होते. संस्थेच्या प्रमुख मंजुश्री मॅडम हसून म्हणाल्या, की आज येणाऱ्यांना जुन्या किचकट प्रकारावर कशाला बसवायचं, सोप्यावरच बसवू, त्यांचंच भलं होईल. मी गणेशकडे बघितलं. माय मात्र पेढा दीपकला भरवत होती.

त्याच्या हातात मोबाइल दिला. पांढरं स्वच्छ पान. मध्ये जेवणाच्या ताटाचं मोठं चित्र, त्यात भाकरी, भाजी, भात. खाली हिरवं 'हो', तांबडं 'नाही'. बस, एवढंच. पळणारं काही नाही, साहेब नाहीत, सारायला खाली काही नाही. खरं सांगते, बघून मलाही वाटलं की किती छान केलंय. माझ्या सासूलासुद्धा जमलं असतं.

मंजुश्री मॅडम म्हणाल्या, दीपक, तुला भूक लागली आहे, सांग बरं आम्हाला. दीपक गाडीची वाट बघत बसला. गाडी येईना. तो तसाच बसला, कारण गाडी गेल्याशिवाय बोट लावायचं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मॅडमनी पुन्हा सांगितलं. मग त्याने वर सारायला सुरुवात केली. पान हलेना. तो सारत राहिला, जोर लावून सारत राहिला, आणि मग त्याने मान वर करून मायकडे बघितलं. "माय, साहेब कुठी गेले?" मायने ते पान जन्मात बघितलेलं नव्हतं. ती काय सांगणार?

तेवढ्यात त्याचं ताटाकडे लक्ष गेलं. तो हसला आणि म्हणाला, "जेवलो." खरंच जेवून आला होता तो. गार्गी शेजारीच बसली होती, तिने हळूच पुढचं पान आणून दिलं. त्यावर एक चेहरा होता, डोळ्यांतून पाणी येणारा. बरं वाटत नसेल तर या चेहऱ्याला हात लावायचा. दीपकने ते बघितलं, त्याचं हसू गेलं, आणि त्याने अंगठ्याने त्या चेहऱ्याचे डोळे पुसले. मोबाइलमधून गोड आवाज आला, तुम्हाला बरं वाटत नाही, ताईंना कळवलं आहे. डोळे पुसले गेले नव्हते, म्हणून त्याने पुन्हा पुसले. पुन्हा तोच आवाज. सांभाळणारी बाई स्वयंपाकघरातून धावत आली, काही नाही बघून गेली, परत आली. कोणीतरी हसलं, प्रेमानेच हसलं असेल. दीपक पुसत राहिला आणि ते चित्र रडायचं थांबेना, तेव्हा तो स्वतःच रडायला लागला.

मंजुश्री मॅडम कठोर नाहीत. त्यांनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इतकं सोपं करूनही जमत नाही. याच्याहून सोपं आम्ही काय करणार, तुम्हीच सांगा."

आधी न जमणाऱ्याला निदान म्हणता यायचं, की वेबसाइटच भिकार आहे. आता तेही राहिलं नाही. वेबसाइट निर्दोष होती, तेव्हा दोष माझ्या भावाचा ठरला.

बाहेर जीपपाशी गार्गी आमच्या मागे आली. तिला काहीतरी कळलं होतं. साहेब कोण, असं तिने विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं, गाडी, पाया पडणं, पट्टी, सगळं.  ती मायकडे वळून म्हणाली, "काकू, त्याला येत होतं तर तुम्ही मला सांगितलं का नाही?"

माय म्हणाली, "येते म्हनून सांगतलं असतं तं तुमी त्याच्यासाठी काई केलं असतं का, पोरी?"

 मायने तो टोमणा मारलाच नव्हता, ती खरंच विचारत होती.

मग आम्ही मंजुश्री मॅडमच्या ऑफिसात जाऊन बसलो, गार्गीही आमच्या बाजूने बोलायला. तिने सांगितलं, की चूक माझी आहे. ज्यांनी एक वाट पाठ केली आहे त्यांच्या पायाखालून ती एकदम काढायची नसते, हे मी पुण्यात लोकांना शिकवते आणि इथे विसरले. दीपकपुरती जुनी वेबसाइट चालू ठेवा, अशी तिने विनंती केली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. जुन्यावर कळवलेलं आता स्वयंपाकघरात दिसणार नाही, एकच बाई दोन-दोन ठिकाणी बघणार नाही, आणि फोटोतले साहेब आता देणगीही देत नाहीत. "आणि खरं सांगू? त्याला समजत नाहीये. त्याने ते नुसतं पाठ केलंय. उद्या काही बदललं की तो परत अडकणार."

मी तोंड उघडणार होते, पण मायच बोलली. खुर्चीचा हात धरून, दम खात बोलली. "मॅडम, मी लग्न होऊन आली तवा मले सासूनं सारं पाठच करून देल्लं. इथून पानी आन, इथं चूल पेटव, याच्या पाया पड. समजलं मले पुढं पंधरा सालानं. तवरोक मले कोनी उपाशी ठेवलं नाई."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी निर्णय बदलला नाही. महिनाभराने परत घेऊन या, नव्यावर सराव करून, एवढं त्यांनी दिलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी विचार केलाय. त्यांच्या हाताखाली ती एकच बाई होती, आणि तिलाही दोनच हात. म्हणून मला जास्त चीड येते. ज्याची मानगूट धरावी असं यात कोणीच सापडत नाही.

मायने नव्या वेबसाइटवर शिकवायला घेतलं. पण पहिल्या वेळची माय आता राहिली नव्हती. बसून होईना, बोललं की धाप लागे. दीपकला ती सांगायची, हे ताट दिसलं की हिरव्याला हात लाव. तो म्हणायचा, आधी गाडी. ती म्हणायची, गाडी गेली, साहेब गेले, सारे गेले. तो रुसायचा, सारत बसायचा, चेहरा आला की डोळे पुसायचा. मी रविवारी जायची तेव्हा मलाही तो ऐकत नसे. हिरवं दाबलं की ताट मिळतं, हे दाखवायला मायने पुन्हा ताट वाढून ठेवलं. त्याने ताट ओढून घेतलं, मोबाइल सारून दिला. आणि तिने त्याला थोबाडीत मारली.

आमच्या मायने दीपकला कधी बोटही लावलं नव्हतं. गावातल्या पोरांनी दगड मारले तेव्हा ती त्यांच्या घरोघर जाऊन भांडून आलेली बाई. त्या दिवशी तिने मारलं, आणि त्यानंतर आणखीही मारलं. पूनमने मला फोन करून सांगितलं, की ताई, मायले आवरा, दीपकभाऊ भिऊन गोठ्यात जाऊन बसतात. मी गेले तर मोबाइल कडब्यात खुपसून ठेवलेला सापडला.

त्यापेक्षाही वाईट एक गोष्ट झाली, ती आमच्या लक्षात यायला वेळ लागला. दीपक भूक लागली म्हणायचा बंद झाला. जन्मापासून त्याला भूक लागली की तो सांगत आला होता, तोंडाने, पदराला धरून, कसंही. आता भूक म्हटलं की माय मोबाइल काढते, हे त्याला कळलं होतं. या वेळी त्याने पाठ केलं नव्हतं, त्याला समजलं होतं. तो गप्प बसायला लागला. ताट पुढे आलं तर जेवायचा, नाही आलं तर हात मागे बांधून भिंतीला टेकून बसायचा.

महिना भरत आला तेव्हा गार्गी पुन्हा धाडला आली. तिने जुनी वेबसाइट होती तशी उभी केली होती, पळती ओळ, सत्काराचे फोटो, साहेब, बूट, पट्ट्या, सगळं. म्हणाली, तो हे करताना दिसला पाहिजे, मी त्याचं चित्रीकरण दाखवून मॅडमना पुन्हा विचारते. माय बाजेवर उठून बसली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला. दीपकला गोठ्यातून बोलावून आणलं आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

गाडी आली, गेली. तो बघत होता. गार्गीनेच वर सारून साहेब आणले. माय म्हणाली, "पाया पड ना बाप्पा साहेबाच्या. आले पहाय, साहेब आले." दीपकने साहेबांकडे बघितलं. ओळखलं त्याने, मी शपथेवर सांगते. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरले. मायने पुन्हा सांगितलं, विनवलं, मग रडवेल्या आवाजात ती साहेबाच्या पायाखालचं ते सगळं म्हणायला लागली, की तो मागून म्हणेल. तो म्हणाला नाही. तो मागे सरकत दाराबाहेर गेला.

गार्गी रडत होती. डोळे पुसून ती मला म्हणाली, की ताई, मला यातून खूप शिकायला मिळालं, पुढे असं कोणाच्या बाबतीत होऊ देणार नाही.

"शिकायचं त्याले होतं, मॅडम," मी म्हणाले.

 ती गेली. निवडीला आम्ही दीपकला परत नेलं नाही. नेऊन काय दाखवणार होतो?

दिवाळी मायला दिसली, पण ती बाजेवरूनच. भाऊबीजेला मी गेले तेव्हा ती अंगणात उन्हाला पडली होती, आणि दीपक तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता. पूनम शेतात गेली होती. मी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि मायजवळ बसले. तिने माझा हात धरला. हातात काही जोर उरला नव्हता.

म्हणाली, "जयू, आतापरेंत मी देवाले म्हनत होती, मले थोडे दिवस दे, याले शिकवू दे. आता तसं नाई म्हनत."

मी विचारलं, मग काय म्हणतेस?

"याले माह्या आधी ने म्हनते. मी हाय तवा त्याले पोचवून देते, मंग मी येते. माह्या एकटीचं देव आयकत नाई. तूबी म्हन."

मला राग यायला हवा होता. माझ्या तोंडी कोणालाही द्यायला उत्तर तयार असतं, सासूला, नवऱ्याला, कोर्टातल्या वकिलांना.  मी दीपकला सांभाळायला तयार होते आणि माझ्याकडे त्याला ठेवायला घर नव्हतं. गणेशकडे घर होतं आणि हात नव्हते. दीपक मी आणलेल्या करंज्यांच्या डब्याकडे बघत होता. त्याचे ओठ सुकलेले होते, सकाळपासून त्याला कोणी काही दिलं नसणार, आणि तो मागत नव्हता.

मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. तो खायला लागला. मग मी मायकडे वळले आणि तिच्याबरोबर हात जोडले, आणि तिने सांगितलं तेच देवाजवळ मागितलं. आम्हाला बघून दीपकने हातातली करंजी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले.